गाळा क्रमांक चार आणि त्यातील दोन खुर्च्या

मी, संध्या सहादू पगारे, वय बत्तीस, धंदा ब्युटी पार्लर, राहणार उपनगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अशा कागदाच्या माथ्यावर देवाचे नाव घालतात. आमच्या घरात ती पद्धत नाही, म्हणून सरळ मजकुराला सुरुवात करते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण ज्यांना शंका घ्यायची ते दाखल्यावरही घेतील, म्हणून प्रत्येक निर्णयाचे कारण लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आताच का

लहानपणी झालेल्या सांधेतापामुळे माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. येत्या महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया करून ती बदलायची आहे. सर्जननी धोका किती ते आकड्यात सांगितले. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम केले आहे. शंभरात किती नग नापास निघतात हे पाहण्याचाच मला पगार मिळत असे. आपण नापास होणार हे नगाला आधी कळत नाही, एवढेच मला त्या आकड्यावरून समजले. मी घाबरलेली नाही.

पण मी परत आले नाही, तर माझ्या दुकानातील दुसऱ्या खुर्चीवर काम करणारी संजना झिपरू भोये हिला लगेच बाहेर काढले जाईल. माझा धाकटा भाऊ मनोज याने वकिलामार्फत तिला तशी नोटीस दिली आहे. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीचे ओघाने येईल.

२. मिळकत

जेल रोड येथील त्रिशरण अपार्टमेंटमधील तळमजल्याचा गाळा क्रमांक चार माझ्या एकटीच्या नावावर आहे. कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेली भरपाई आणि बँकेचे कर्ज यांतून मी तो घेतला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हातात असताना मी पुन्हा आयटीआयमध्ये जाऊन केस आणि त्वचेचा अभ्यासक्रम केला, तेव्हा नातेवाइकांनी मला वेड्यात काढले होते. कर्ज फिटले आहे, त्याचा दाखला कपाटात आहे.

गाळ्यात आमच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, फंडाचे पैसे आहेत असे मनोज सांगतो. नाहीत. आप्पांचा फंड मनोजच्या लग्नात आणि उपनगरच्या घराच्या वरच्या मजल्यात गेला. त्या मजल्यावर मनोज राहतो. मला त्याचा राग नाही. फक्त तो मजला जिन्यासकट दिसतो, तेव्हा हा विसर कसा पडतो ते मला समजत नाही.

३. बचत

बँकेत आणि पोस्टात जे आहे ते सर्व आईला, म्हणजे श्रीमती अक्काबाई सहादू पगारे यांना. शस्त्रक्रियेचा खर्च भागून उरेल ते. आईने त्यातून माझ्यासाठी मोठे जेवण घालू नये. घालणारच असेल तर स्वयंपाकाला बाई ठेवावी, स्वतः उभे राहू नये.

४. हत्यारे आणि वस्तू

केस कापायच्या दोन्ही कात्र्या, निर्जंतुकीकरणाची पेटी आणि केस वाळवायचे यंत्र दुकानाबरोबर जातील. त्यांची व्यवस्था कलम नऊमध्ये आहे.

स्कूटी मनोजच्या पत्नीला. ती चालवायला शिकली आहे, हे मनोजला अजून माहीत नाही.

कारखान्यातील माझे व्हर्नियर कॅलिपर मनोजला. त्याने केसाची जाडीसुद्धा मोजता येते. बोलण्यापूर्वी मोजायची सवय आमच्या घरात कोणाला तरी असावी.

५. सोसायटीच्या सचिव सावित्रीबाई

यांना मी काही देत नाही, परंतु त्यांची एक वस्तू माझ्याकडे आहे. माझे आडनाव कळल्यापासून त्या फेशियलला येताना घरून टॉवेल आणू लागल्या. दुकानातील टॉवेल उकळून, इस्त्री करून ठेवलेले असतात हे त्यांना दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तसं काही नाही गं, सवय असते एकेकाची." सहा वर्षे मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावला, त्याला त्यांची हरकत नव्हती. मागच्या वेळी तो टॉवेल दुकानात राहिला. तो इतर टॉवेलांबरोबर उकळून, घडी घालून त्यांच्या घरी पोचता करावा.

६. खुर्ची भाड्याने कशी दिली

सन २००१ च्या मे महिन्यात दुकानात नव्याने रंगकाम चालू असताना संजना दारात येऊन उभी राहिली. ती पेठ तालुक्यातली. तिचे आईवडील, झिपरू आणि लंकाबाई, दर हंगामात पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या छाटणीला येत. त्यांच्याबरोबर येता येता तिथल्याच एका पार्लरमध्ये ती काम शिकली होती. मला वाटले नोकरी मागायला आली आहे. मी जागा नाही म्हणून सांगितले.

"नोकरी नको मॅडम," ती म्हणाली. "एक खुर्ची बसंल का इथं? भाडं देईन. गिऱ्हाईक माजं, दोरा माजा, टावेल माजे. खुर्चीबी मीच आनीन."

मी तिला माझी भुवई करायला बसवले. तिने आधी बेसिनवर हात धुतले आणि ओढणीला न पुसता तसेच वाळू दिले. एवढे पाहिल्यावर भुवई कशी होते हे बघायची गरज नव्हती, तरी बघितली. दोन्ही सारख्या होत्या.

अटी मी ठरवल्या. कारखान्यात यंत्र आणि रस्ता यांमध्ये जसा पिवळा पट्टा मारतात, तसा दोन खुर्च्यांच्या मध्ये फरशीवर मारला. तिच्या बाजूच्या बटणांना वेगळा मीटर बसवला. वायरिंग मीच केले. शेजारच्या गाळ्यात सुलाबाईंचे फॉल-पिकोचे दुकान आहे. त्या पट्टा बघून म्हणाल्या, "संध्या, हे पार्लर हाय का बसस्टँड?" पण पट्ट्यामुळे आमच्यात एकदाही गिऱ्हाइकावरून वाद झाला नाही. जी बाई ज्या खुर्चीत बसते ती त्या खुर्चीची, आणि खुर्ची बदलायची असेल तर तिने स्वतः दुसरीला तसे सांगायचे, ही आमची रीत.

नवीन बायका संजनाला 'तुमच्याकडची मुलगी' म्हणत. मी प्रत्येक वेळी सांगत असे की ती माझ्याकडे कामाला नाही, तिचा स्वतःचा धंदा आहे. हे इथे पुन्हा लिहून ठेवते, कारण नोटिशीत तिला 'नोकर' म्हटले आहे आणि त्याच्याच खालच्या ओळीत 'बेकायदा घुसलेली' म्हटले आहे. दोन्हींपैकी एकही खरे नाही, आणि दोन्ही एकदम तर होऊच शकत नाही.

७. मे महिन्याचा खंड

हे समजण्यासाठी इगतपुरीची खोली माहीत असावी लागते. आप्पा रेल्वेत गँगमन होते. इगतपुरीला त्यांनी दोन खोल्या बांधल्या. नाशिकरोडला बदली झाल्यावर त्यातली एक भिमाजी नावाच्या मुकादमाला तोंडी बोलीवर दिली, पावसाळ्यापुरती. तो पावसाळा संपला नाही. आप्पा कोर्टाच्या तारखांना जात राहिले, आणि वारले. भिमाजीची माणसे अजून तिथेच आहेत. आमच्या घरात मूल ऐकत नसेल तर 'भिमाजी झालाय नुसता' म्हणतात.

म्हणून मी संजनाशी लेखी करार केला, अकरा महिन्यांचा, आणि बारावा महिना खंडाचा ठेवला: त्या महिन्यात तिने आपली खुर्ची उचलून बाहेर जायचे, म्हणजे ती सलग राहिली असे कोणाला म्हणता येणार नाही. वकिलांनी तेव्हाच सांगितले होते की कायद्याला असा खंड लागत नाही, नवा करार केला की पुरे. पण आमच्या घरात कायद्यापेक्षा भिमाजी मोठा होता.

रंग वाळायचा होता म्हणून करार एक जूनपासून लिहिला. अकरा महिने एप्रिलअखेर संपतात. उरतो मे. म्हणजे ऐन लगीनसराईत, जेव्हा शहरातले प्रत्येक पार्लर जादा हात शोधते, तेव्हा माझ्या दुकानातली नवरी सजवणारी एकमेव बाई हातगाडीवर खुर्ची लादून बाहेर पडत असे. मी नवरीचे काम करत नाही. मे महिन्यात चौकशीला आलेल्या नवरीमुलींना मी पुढच्या चौकातल्या पार्लरचा पत्ता देत असे.

सुलाबाईंनी मला विचारले होते, तुझ्या करारात लगीनसराई पडली ते दिसत नाही का. दिसत होते. संजना तारीख बदला म्हणेल याची मी वाट पाहत होते. ती कधी म्हणाली नाही. तिने भिमाजीची गोष्ट ऐकली होती. तारीख बदला म्हटले तर मला तोच आठवेल, असे तिला वाटत होते, हे मला फार उशिरा कळले.

ती मे महिन्यात पिंपळगावला जाई. ज्यांच्या बागेत ती आईवडिलांबरोबर छाटणीला जात असे, त्यांच्याच घरात पुढच्या दाराने जाऊन ती नवऱ्या सजवू लागली. एका घरातून दुसऱ्या घरात नाव गेले. चार वर्षांत तिचा मे माझ्या सगळ्या वर्षापेक्षा मोठा झाला.

८. या वर्षीचा मे

एप्रिलच्या शेवटी मी दुकानात कोसळले. संजना आणि सुलाबाई यांनी मला रिक्षातून दवाखान्यात नेले. एप्रिल संपला, करार संपला, मी शुद्धीवर पण पलंगावर होते. दुकानाची एक चावी संजनाकडे होती.

मनोज पहिल्याच आठवड्यात दुकानात गेला. एका मोबाइल विक्रेत्याशी गाळ्याबद्दल त्याचे बोलणे झाले होते. पुढचे सुलाबाईंनी सांगितले, आणि त्या पदरचे घालतात हे धरूनही मला ते खरे वाटते. संजना एका बाईची भुवई करत होती, दोऱ्याचे टोक दातात. मनोजने दारातूनच सांगितले की करार संपला, चावी द्या. संजनाने दोरा सोडला नाही. भुवई पूर्ण केली, दुसरी केली, बाईला आरसा दाखवला, आणि मग म्हणाली, "चावी ताईंनी दिली. ताईंनाच देईन."

"आणि ताई आलीच नाही तर?" मनोजने विचारले.

"मंग तुमी या. त्याच्या आधी येऊ नका."

ती संपूर्ण मे दुकान उघडून बसली. ज्या बायका माझ्याकडे येतात त्यांना तिने परत पाठवले नाही आणि स्वतःच्या खुर्चीतही घेतले नाही. ताई येतील, तेवढी भुवई मी स्टुलावर करून देते, बाकीचे त्यांच्याकडून करा, असे सांगत राहिली. माझ्या खुर्चीवर तिने धुतलेली चादर घातली होती. वाट बघणाऱ्या एका म्हातारबाई त्यावर टेकल्या, तर त्यांना उठवून आपला स्टूल दिला.

मी घरी आल्यावर मनोज माझ्या उशाशी बसला. तो वाईट माणूस नाही. त्याला मनापासून वाटते की तो मला वाचवतो आहे. म्हणाला, "ताई, तू एवढी शिकलेली. अशा बाया बसल्या की उठत नाहीत. आप्पांची खोली विसरलीस का?"

मी विसरले नव्हते. म्हणून संजनाला बोलावून सरळ विचारले, करार संपला होता तर तू गेली का नाहीस.

"दर साल मी जाते तवा तुमी असता," ती म्हणाली. "औंदा दोघीबी गेलो असतो, तर शटर कोनी उघडलं असतं? बाई एकदा दुसरीकडं बसली का तिकडचीच होती."

"आणि पिंपळगावच्या नवऱ्या?"

"दिल्या दुसरीला."

"पुढच्या वर्षी परत मिळतील?"

"नवरी कुठं परत येती, ताई? तिचं एकदाच असतं." मग म्हणाली, "तिच्या बहिनी यायच्या. त्या जातील आता तिकडं."

मी नवा करार लिहू का विचारले. म्हणाली, "लिवा. जूनपासूनच लिवा. तुमच्या भिमाजीला बरं वाटंल."

मी तो करार लिहिला नाही. वकिलांनी सांगितले की असा करार म्हणजे परवाना; देणारी गेली की परवानाही जातो. कितीही चांगल्या कागदावर लिहिला तरी तो माझ्यापेक्षा एक दिवसही जास्त टिकणार नाही. मला टिकणारा कागद हवा होता.

९. गाळ्याची व्यवस्था

माझ्या मृत्यूनंतर गाळा क्रमांक चार, आतील सर्व सामान, हत्यारे, आरसे, दोन्ही मीटर आणि दुकानाचे नाव यांसह, संपूर्ण मालकी हक्काने संजना झिपरू भोये हिचा होईल. तिला तो विकता येईल, गहाण ठेवता येईल, बंद करता येईल. तिने तिथेच काम करत राहावे अशी अट मी घालत नाही.

हे दान नाही आणि बक्षीस नाही. मनोजने याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नये. मी पाच वर्षे पाहणी केली आहे. रोज, आठ फुटांवरून. याहून जास्त तपासून मी आयुष्यात काही पास केलेले नाही.

मनोजला गाळ्यात हिस्सा नाही, कारण त्याला घर आहे. त्याने दावा लावू नये. लावला, तर तारखांना जाणारा या घरातला तो दुसरा माणूस होईल, आणि पहिल्याचे काय झाले ते त्याला माहीत आहे.

१०. माझी खुर्ची

ही रिकामी राहू नये. संजनाने ती स्वतःचा धंदा असलेल्या एखाद्या बाईला भाड्याने द्यावी. पगारावर मुलगी ठेवू नये. आई हयात असेपर्यंत त्या खुर्चीचे भाडे आईला मिळेल, आणि एवढीच जबाबदारी या गाळ्यावर राहील.

नव्या बाईशी लेखी करार करावा. खंड ठेवू नये. ठेवावासा वाटलाच तर आषाढात ठेवावा. फरशीवरचा पट्टा पुसायचा की ठेवायचा हे त्या दोघींनी ठरवावे. वेगळा मीटर मात्र ठेवावा, तो चांगला आहे.

११. अंमलबजावणी

हे काम कारखान्यातील माझी सहकारी मोहिनी काशिनाथ आहिरे हिच्यावर सोपवते. ती हळू वाचते आणि काही गाळत नाही.

१२. साक्षीदार

कच्चा मजकूर दुकानात तयार केला. तो दुमडून ठेवला होता. फक्त शेवटच्या पानावरच्या सहीच्या रेघा बाहेर दिसत होत्या. संजनाने विचारले, कशाच्या. मी मृत्युपत्र म्हणून सांगितले. ती दोरा गुंडाळून ठेवून आली आणि पेन मागितले.

"साक्षीला दोन मानसं लागतात ना? एक मी हाय."

मी म्हटले, "तुझी सही चालणार नाही."

"का? भाडेकरनीची नाय चालत?"

मी म्हटले, वकिलांनी सांगितले आहे. तिने पेन टेबलावर ठेवले आणि आपल्या बाजूला गेली. ताई म्हणायचे तिने बंद केले. त्या दिवसापासून मी पुन्हा मॅडम आहे.

वकिलांनी सांगितले होते ते असे: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे वाद निघतात. संजना, तुझी सही न घेण्याचे कारण एवढेच होते.

मी परत आले, तर हे पाकीट कपाटात तसेच राहील आणि हे कारण मला तुला समोर बसून सांगावे लागेल. ते मला शस्त्रक्रियेपेक्षा अवघड जाईल, तरी सांगेन.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, एका ठिकाणी खाडाखोड आहे तिथे आद्याक्षरे केली. साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या. त्यांना यातून काहीही मिळत नाही.

स्थळ: जेल रोड, नाशिकरोड
दिनांक: १२ ऑक्टोबर २००६

(सही) संध्या सहादू पगारे

साक्षीदार:
(सही) सुलाबाई नामदेव दोंदे, फॉल-पिको, गाळा क्रमांक पाच
(सही) ललित प्रभाकर खैरनार, चष्म्याचे दुकान, गाळा क्रमांक सात